नाही म्हटल्यावर निघून गेलेला माणूस

ललिता तायडे आणि मोतीराम खंडारे यांची पहिली भेट झाली तेव्हा त्याने तिचं रक्त काढलं. प्रेमकथेला ही सुरुवात शोभत नाही, हे कबूल. पण हिवतापाच्या खात्यातल्या माणसाच्या पिशवीत गुलाबाचं फूल नसतं, सुई असते.

साल त्रेसष्ट, सप्टेंबरचा एक रविवार. चांदूर बाजारच्या मुलींच्या एका शाळेत ललिताला मास्तरीण होऊन सहा महिने झाले होते. बाजारात मिरच्या विकणाऱ्या दुर्गाबाईच्या घरातली एक खोली तिने भाड्याने घेतली होती, आणि त्या दिवशी अंगात कणकण म्हणून त्या खोलीत ती चादर ओढून पडली होती. दारात खाकी कपड्यातला एक उंच तरुण येऊन उभा राहिला आणि घरात कोणाला ताप आहे काय, असं त्याने चौकटीला विचारावं तसं विचारलं. दुर्गाबाईने लगेच भाडेकरूकडे बोट दाखवलं.

"आत येऊ काय?" त्याने विचारलं.

ललिताला जरा नवल वाटलं. या गावात आल्यापासून तिला कोणी काही विचारून केलं नव्हतं.

"डावा हात द्या. करंगळीशेजारचं बोट. मुंगी चावल्यावानी वाटन... थांब म्हटलं तं थांबतो."

तिने डोळे घट्ट मिटले. "थांबा," ती म्हणाली.

बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी तिने एक डोळा उघडला. सुई हवेत होती, आणि सुईमागचा माणूस छताकडे पाहत बसला होता.

"थांबले काहून?"

"तुमीच तं थांबा म्हटलं."

"ते... सहज म्हटलं मी."

"आता मले कसं कळन बाई, सहज कोणतं न् खरं कोणतं?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "तुमी सांगा, मंग टोचतो."

तिने सांगितलं, त्याने टोचलं, काचेच्या पट्टीवर थेंब घेतला. मग चार कडू गोळ्या काढल्या. त्या त्याच्यासमोर गिळायच्या असा सरकारी हुकूम होता. ललिताने पहिली गोळी तोंडात टाकली तेव्हा तो वळून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. बाईला तोंड वाकडं करायचं असेल तर ते एकटीला करता यावं, अशी त्यात सोय होती. जाताना त्याने दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहिली. खात्याचा माणूस दर पंधरा दिवसांनी घरोघर फिरायचा आणि आल्याची खूण म्हणून तारीख लिहून जायचा. त्यामुळे त्या काळात आमच्या वऱ्हाडातल्या भिंती पाहून कोणालाही वाटलं असतं, की इथले लोक फार हिशेबी आहेत.

आता खुशालराव.

खुशालराव ललितावर प्रेम करत होता. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पानठेल्यावर या विषयाची रीतसर चर्चा झाली होती, मित्रमंडळींनी एकमताने पाठिंबा दिला होता. फक्त ललिताला कोणी विचारायचं राहून गेलं होतं. खुशालरावाचे वडील वामनराव शाळेच्या कमिटीवर होते. घरी साठ एकर काळी जमीन होती, आणि मुलाकडे सायकल, केसांना लावायचं सुगंधी तेल आणि भरपूर वेळ होता. शाळा सुटली की तो तिच्यामागून सायकल चालवी. घंटी वाजवी. वळणावर चाक आडवं घाली. सिनेमातल्या ओळी गुणगुणे, म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू येईल इतक्याच हळू. एकदा तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत चिठ्ठी घालून त्याने ती वही तपासायला पाठवली. त्या चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका होत्या, आणि त्या सोडल्या तर उरलेलं वाचण्यासारखं नव्हतं.

ललिताने त्याला नाही म्हटलं होतं. एप्रिलमध्ये नम्रपणे. जूनमध्ये रागाने. जुलैमध्ये दुर्गाबाईमार्फत, आणि दुर्गाबाईने त्यात आपल्या पदरच्या दोन शिव्या घातल्या होत्या. प्रत्येक नकार खुशालरावाने पानठेल्यावर प्रगती म्हणून सांगितला. चिडते म्हणजे मनात आहे. चिडत नाही म्हणजे मनात आहेच. मुख्याध्यापकांनी सल्ला दिला, की पोरगा चांगल्या घरचा आहे, बाई, तुम्ही दुर्लक्ष करा. अंगावर येणाऱ्या सायकलीकडे दुर्लक्ष कसं करतात, हे त्यांनी सांगितलं नाही.

चांगल्या घरचं म्हणाल तर त्या घरात ललिताच्या हातचं पाणी चाललं नसतं. तिचा बाप छप्पन साली नागपूरहून पांढऱ्या कपड्यात बौद्ध होऊन परतला होता. पण धर्म बदलला तरी वामनरावांच्या माजघरातला माठ बदलला नव्हता. पाणी चालणार नव्हतं, हात मात्र चालला असता. तोही अंधारात.

ललिता पाच मिनिटांच्या रस्त्याऐवजी कापसाच्या जिनिंगच्या मागून पंधरा मिनिटांच्या रस्त्याने जाऊ लागली. केसांत अबोलीचा गजरा माळायची हौस होती, ती सोडली. पोस्टमनच्या सायकलीची घंटी वाजली तरी ती उठून दाराची कडी लावी. आणि हे कोणाला सांगायची सोय नव्हती. वडील शेषराव अकोल्याच्या कोर्टात चपराशी होते. पोरीला नोकरीवर पाठवताना त्यांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता: माझ्या कानावर एक शब्द आला, का पेटी उचलायची आणि घरी यायचं. घरी एक आतेभाऊ लग्नाला तयार बसला होता. तो बसलेलाच असे; दुसरं काही करताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं.

मोतीराम येत राहिला. आठवड्यात शाळेच्या वेळी आला तर खोलीला कुलूप, आणि कुलूप दिसलं की रविवारी पुन्हा यायचं, हा खात्याचा नियम. त्यामुळे दुर्गाबाईच्या भिंतीवर बाकी गल्लीच्या दुप्पट तारखा होऊ लागल्या. त्याच्याही जवळ सायकल होती. सरकारी, साखळी सैल झालेली. ती गल्लीच्या तोंडाशी खडखडली, की ललिता वह्यांतून मान वर करी... आणि एका रविवारी तिच्या लक्षात आलं, की सायकल वाजली आणि हात कडीकडे गेला नाही. ती स्वतःशीच थोडी चमकली.

उंबऱ्याबाहेर उभा राहून तो ठरलेले प्रश्न विचारी. ताप? नाही. गेल्या पंधरा दिवसांत? नाही. घरात कोणी पाहुणा?

"एक आला होता," ती एकदा म्हणाली. "उंदीर."

त्याने वही उघडली. "त्याले ताप?"

"विचारलं नाही. घाईत होता."

"बाहेरगावचा व्हय का इथलाच?"

"इथलाच असन. दुर्गाबाईला वळखत होता."

मोतीरामने काहीतरी लिहिलं, निदान लिहिल्यासारखं केलं. हसू फक्त कानांत आलं होतं; त्याचे कान लाल होत, हे ललिताला सवयीने कळू लागलं होतं. नोव्हेंबरात त्याने पिशवीतून दोन संत्री काढली. शेंदूरजना घाटला त्याचा मामा बागेत कामाला होता. संत्री त्याने तिच्या हातात दिली नाहीत, ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "एक दुर्गाबाईचं. दुसरं कोणाचं ते तुमी ठरवा." दुर्गाबाईने दोन्ही उचलली. मग ललिताचा चेहरा पाहून एक परत ठेवलं.

खुशालरावाला भिंत वाचता येत होती. शुद्धलेखन लागत नसल्यामुळे ते काम त्याला जमलं. सगळ्यांकडे महिन्यात दोन तारखा आणि मास्तरणीकडे चार, हे काय गौडबंगाल आहे, असं त्याने पानठेल्यावर मांडलं. गावाला पटलं. तो स्वतः सात महिने रोज त्या खिडकीखालून जात होता. पण त्याच्या फेऱ्यांची तारीख कोणी भिंतीवर लिहीत नव्हतं. जो लिहून जात होता, तो बदनाम झाला. डिसेंबरात अकोल्याला शेषरावांच्या नावाने बिनसहीचं पोस्टकार्ड गेलं, आणि तिकडून ललिताला उत्तर आलं: संक्रांतीच्या सुट्टीत घरी ये. पेटी घेऊन.

त्याच आठवड्यात मोतीराम आला आणि प्रश्न न विचारताच म्हणाला, की त्याने खात्याच्या इन्स्पेक्टरकडे अर्ज करून हद्द बदलून घेतली आहे. पुढच्या खेपेपासून इथे नत्थुजी येतील. मोतीराम बडनेऱ्याकडची गावं पाहील.

ललिताच्या हातातली वही बंद झाली. "घाबरले तर," ती म्हणाली. "लोक बोलतात म्हणून."

"लोक तं बोलूनच राहिले बाई. त्याच्यासाठी नाही." पिशवीचा पट्टा त्याने एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला, मग परत पहिल्यावर. "मी सरकारी कामानं येतो. तुमाले दार उघडाच लागते. जिथं दार उघडाच लागते... तिथं माणसानं मनातलं बोलू नये. म्हणून हद्द बदलली. आता मी येईन, एक डाव, घरच्या कपड्यात. तवा दार नाही उघडलं तरी चालन."

एवढं बोलून त्याने तारीख लिहिली, आणि शेवटचा आकडा वाकडा आला.

तो आला रविवारी सकाळी, नऊ वाजता, लख्ख उजेडात. इस्त्रीचा पांढरा सदरा, तेल लावलेले केस, आणि हातात काही नाही. दुर्गाबाई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होती. तिने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि खुडणं चालूच ठेवलं. दार बंद होतं. त्याने कडी वाजवली, दोन पावलं मागे सरला. ललिताने दार उघडलं.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं, की आपला पगार अमुक आहे, घरी आई आहे, एक भाऊ शाळेत आहे, विडी ओढत नाही, आणि ललिता त्याला फार आवडते. इतकी, की आता हिवतापाच्या वहीत तिच्या घराचं पान आलं की ते उलटायला वेळ लागतो. तिची मर्जी असेल तर तो अकोल्याला जाऊन वडिलांना भेटेल. नसेल तर तसं सांगावं.

ललिताच्या घशाशी 'हो' आलं होतं. पण पेटी खाटेखालून काढून ठेवलेली होती, गल्लीतल्या तीन दारांतून तीन डोकी बाहेर आली होती, आणि आत्ता हो म्हटलं की पोस्टकार्डातलं सगळं खरं ठरणार होतं.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," मोतीराम म्हणाला. त्याने मान हलवली, दुर्गाबाईला नमस्कार केला, सायकल वळवली आणि निघून गेला. वळणावर मागे पाहिलं नाही. घंटी वाजवली नाही.

आणि परत आला नाही.

इथे ललिताची एक चूक झाली. पण ती चूक तिला गावानेच शिकवली होती. पुरुषाला नाही म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी हजर होतो, हे तिने आठ महिने रोज पाहिलं होतं. मोतीराम परत येईल, समजावेल, निदान कोपऱ्यावर दिसेल, असं तिने नकळत धरून ठेवलं होतं. सोमवार गेला. आठवडा गेला. नत्थुजी आले, खोकत प्रश्न विचारून गेले. त्यांना ललिताने अगदी सहज विचारलं, की खंडारे कसे आहेत? बरे आहेत, नत्थुजी म्हणाले, पण जेवत कमी आहेत. कोणाबद्दल काही बोलले? नाही, काहीच नाही.

रात्रंदिवस तिला राग येत होता, आणि तो कोणाचा हे कळत नव्हतं. मग एका दुपारी, पाढे म्हणवून घेताना, सातापाशी ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एका शब्दाचा उपयोग झाला होता. तिने नाही म्हटलं, आणि समोरच्या माणसाने ते खरं मानलं. वर्गातल्या चाळीस मुली सात एके सात म्हणून वाट पाहत होत्या, आणि बाई फळ्यासमोर उभ्या राहून प्रेमात पडत होत्या.

बाजाराच्या दिवशी खुशालरावाने पुन्हा चाक आडवं घातलं. दुर्गाबाईच्या मिरच्यांच्या ढिगासमोरच. चांगली गर्दी होती. त्याला गर्दी आवडत असे.

"मलेरियावाला सोडून गेला म्हणते," तो म्हणाला. "आमी आहोत ना. त्याच्यात काय होतं जे आमच्यात नाही? तो बी तुमच्याच मांगं होता, आमी बी तुमच्याच मांगं हाओत. मंग तो चालते न् आमालेच काहून राग?"

एरवी ललिता खाली मान घालून बाजूने निघाली असती. आज ती थांबली. आवाज तिने वर्गातला काढला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"सांगते. त्यांना मी एकदा नाही म्हटलं. ते गेले. तुमाले एप्रिलपासून नाही म्हणून राहिली, तुमी अजून इथंच उभे आहात. ते विचारायला आले होते, खुशालराव. तुमी कधी विचारलंच नाही. माझा रस्ता अडवता, पोरींच्या वह्यांत घाण घालता, आणि त्याले प्रेम म्हणता. आज पुन्हा सांगते, सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर ऐकलं नाही म्हणायची सोय राहणार नाही. नाही. आता चाक काढा."

मिरच्या घेणारे थांबले, कांदे मोजणारे थांबले. चार दुकानं पलीकडे वामनराव बैलाच्या घुंगरमाळा पाहत होते, त्यांनी माळ खाली ठेवली. तिसरीतल्या त्या मुलीची आई गर्दीतून पुढे आली आणि कोणती वही, कोणाच्या पोरीची वही, असं तिने खड्या आवाजात विचारलं. मास्तरणीचं गावाला काही वाटो न वाटो, आपल्या पोरीच्या वहीचं प्रत्येकाला वाटतं. बायका जवळ सरकल्या.

"काढ ना बाप्पा चाक," दुर्गाबाई शांतपणे म्हणाली. "गिऱ्हाईक अडून राह्यलं माह्यं."

खुशालरावाने चाक काढलं. त्याला पश्चात्ताप वगैरे झाला, असं नाही. आपलं काय चुकलं हे तो पुढे कित्येक वर्षं लोकांना विचारत होता. पण वामनरावांनी त्याला त्याच आठवड्यात काकाच्या शेतावर पाखरं हाकलायला पाठवलं. कमिटी म्हणजे कमिटी; बाजारात झालेली गोष्ट दडपता येत नाही.

संक्रांतीला ललिता अकोल्याला गेली. पेटी न घेता. शेषरावांनी पोस्टकार्ड समोर ठेवलं आणि कोर्टात पुकारा करावा तसं तिला नावाने बोलावलं. तिने सगळं सांगितलं, सायकलीपासून मिरच्यांपर्यंत. ते ऐकत राहिले. नऊ महिने हे आपल्याला काहून नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. तुम्हीच म्हटलं होतं ना, ती म्हणाली, की एक शब्द कानावर येता कामा नये. टोपी काढून शेषरावांनी डोकं खाजवलं, आणि बराच वेळ खाजवत राहिले.

"आन् तो मलेरियावाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्यांना मी नाही म्हटलं."

"मंग काय केलं त्यानं?"

"काही नाही. गेले."

"परत नाही आला?"

"नाही."

"चिठ्ठी-गिठ्ठी?"

"नाही."

शेषरावांनी तीस वर्षं कोर्टात माणसं पाहिली होती. हुकूम झाल्यावर मुकाट्याने पाळणारी त्यांत किती होती, हे ते बोटांवर सांगू शकत होते. "मंग माणूस बरा दिसते," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, दुसरीकडे पाहत, "आता तो येणार नाही. तुलेच जा लागन." पोस्टकार्ड त्यांनी चुलीत घातलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी हिवतापाच्या सगळ्या माणसांची अमरावतीला बैठक असे. हे नत्थुजींनी सांगितलं होतं, खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये. फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी ललिता अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर बसली होती. कापसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या, आणि बाभळींच्या काट्यांना जागोजागी पांढरे पुंजके लटकले होते. ऊन कोवळं होतं. केसांत अबोली होती. चार वाजता मोतीराम आला, तिला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. वाट बदलावी की काय, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"इकडे या," ती म्हणाली.

तो आला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये एक अख्खा संसार बसू शकला असता, एवढी जागा सोडून.

"मी तेव्हा नाही म्हटलं होतं," ललिता म्हणाली.

"हो. ऐकलं होतं."

"आता पुन्हा विचारा ना..."

त्याने बराच विचार केला. कान लाल झाले. "नाही म्हटलेल्या माणसाले पुन्हा विचारनं बरं नाही बाई. माणूस भिडेनं हो म्हणते."

ललिताने कपाळाला हात लावला. वऱ्हाडात एवढी माणसं असताना आपल्या नशिबी नेमका हा एक यावा... आणि ते नशीब पुन्हा तपासून पाहिलं, तर त्यात काही खोट सापडेना.

"बरं," ती म्हणाली. "मग मी विचारते. माझ्याशी लग्न करता काय? बाबांना चालतं. मलाही चालतं. आत्ताच सांगा असं नाही. नाही म्हणाल तर मी ही बस पकडीन, आणि पुन्हा कधी—"

"जाऊ नका," मोतीराम म्हणाला.

कंडक्टर चांदूर बाजार, चांदूर बाजार करत दोनदा त्यांच्यासमोरून गेला. तिसऱ्यांदा त्याने विचारलंसुद्धा नाही. बस सुटली, धूळ उडाली, बसली. बाकावरची मधली जागा तोवर बरीच कमी झाली होती. कोण सरकलं, हे दोघांनीही पुढे आयुष्यभर कबूल केलं नाही.